दोन नंबर जुळले म्हणून बंदूक अस्सल?

थ्री-नॉट-थ्री म्हटलं की आपल्याला पोलीस ठाण्याच्या दारातला शिपाई आठवतो. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच होती. पण मंडळी, याच ली-एनफिल्ड घराण्यातली एक बंदूक ब्रिटन-अमेरिकेतले संग्राहक लाखो रुपये मोजून घेतात. नंबर ४ मार्क १ टी. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल.

टी म्हणजे टेलिस्कोप. कारखान्यातून निघालेल्या साध्या बंदुकांपैकी चाचणीत ज्यांचा नेम चांगला बसे, त्या बाजूला काढायच्या आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायच्या. ही कंपनी म्हणजे उमराव-महाराजांना शिकारीच्या बंदुका पुरवणारी. युद्धात तिनेच १९४२ पासून सुमारे २३ हजार रायफली दुर्बिणीसाठी तयार केल्या. बॉडीच्या डाव्या बाजूला दोन पोलादी पॅड स्क्रू आणि सोल्डरने पक्के केले, दस्त्यावर गाल टेकवायला लाकडी उंचवटा बसवला, वर ३२ नंबरची दुर्बीण. ही दुर्बीण मुळात ब्रेन गनसाठी काढलेली होती, हे गमतीचं.

आता मुद्द्याचं. प्रत्येक दुर्बीण तिच्याच बंदुकीशी जुळवलेली असायची. म्हणून दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर ठोकलेला आणि बंदुकीचा नंबर दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर. शिवाय बॉडीवर 'टी', निवड झाल्याची 'टी आर' ही खूण आणि दस्त्याच्या खालच्या बाजूला 'एस ५१', म्हणजे हॉलंड अँड हॉलंडचा युद्धकाळातला संकेतांक. सगळं जुळलं की किंमत साध्या नंबर ४ च्या कित्येक पट.

इथेच बनवाबनवीला जागा मिळते. युद्धानंतर कितीतरी दुर्बिणी बंदुकांपासून सुटल्या, वेगळ्या विकल्या गेल्या. १९७० नंतर काही रायफलींची नळी बदलून त्यांच्या एल ४२ ए १ केल्या. त्या १९८२ मध्ये फॉकलंडपर्यंत लढल्या. म्हणजे अस्सल जोड्या कमी, गिऱ्हाईक जास्त. आज नव्या बनावटीचे पॅड, ब्रॅकेट, दुर्बिणीसुद्धा मिळतात. आणि नंबराचे पंच? ते तर आपल्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतील.

म्हणून जाणकार माणूस नंबर वाचून थांबत नाही, तो नंबर कसा ठोकलाय ते बघतो. भिंग घेऊन. ऐंशी वर्षं लाकडानं तेल प्यायलंय, हातांचा घाम प्यायलाय. जुन्या अक्षरांच्या तळाशी तो काळेपणा उतरलेला असतो, कडा झिजून गोल होतात. परवा ठोकलेला आकडा त्या काळ्या थराला फाडून आत जातो, तळाशी उजळ लाकूड दिसतं किंवा वरून फासलेला रंग. पॅडभोवतीचा धातूचा रंग बाकी बॉडीपेक्षा ताजा दिसला तर शंका घ्यायची. मागच्या साइटचं बॅटल साइट काढलेलं आहे ना? दुर्बिणीला ते आडवं येत असे, म्हणून कारखान्यातच काढत. घाईत बनवणारा नेमकं असलं काहीतरी विसरतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. काही अस्सल बंदुकांच्या दस्त्यावर दोन नंबर असतात! पहिला खोडलेला, शेजारी दुसरा. दुर्बीण बिघडली, लष्करी वर्कशॉपमध्ये दुसरी जुळवली, तशी नोंद लाकडावरच केली. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करून खाली नवं नाव लावतात ना, तसंच. नवख्या गिऱ्हाइकाला ही खाडाखोड खटकते आणि तो गुळगुळीत, सगळं जुळणारा माल पसंत करतो. बनावटवाल्याला नेमका तोच गिऱ्हाईक हवा असतो.

कुणी सरळ सांगितलं की बंदूक साधी आहे, दुर्बीण मी नंतर बसवली, तर माझी काही तक्रार नाही. पण खोटा नंबर ठोकला की त्या लाकडावरचा खरा इतिहास कायमचा गेला. एरवी ती १९४४ ची प्रामाणिक शिपायाची बंदूक तरी होती.

'ही नॉर्मंडीला होती' अशी कहाणी विक्रेता सांगतोच. पण नंबरावरून ती कुठल्या जवानाच्या हातात होती, हे सहसा कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? .३०३ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, घेणार कोण? बरोबर आहे. पण आपल्या भागात सध्या वर्गणी काढून एक 'शिवकालीन' तलवार घ्यायचं घाटतंय. फोटो मीही पाहिला. पात्यावर देवनागरी अक्षरं अगदी स्वच्छ, पातं मात्र गंजलेलं. गंज अक्षरांच्या आतही उतरलाय का, एवढं तरी कुणी भिंगाने बघितलंय का? शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू विकायचा धंदा करणाऱ्याला १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो. तो दाखवायला सांगा. पैसे देण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाला तलवार दाखवा. विक्रेता "वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणाला, तर खुशाल जाऊ दे त्या गिऱ्हाइकाकडे.