जबाबदारी खाली, तिजोरी वर : प्लेगपासून कोरोनापर्यंत

४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. साथ आवरण्यासाठी सरकारने हवे ते उपाय करावेत, आणि त्याचा खर्च कोणी, कसा सोसायचा तेही सरकारनेच ठरवावे, असा तिचा अर्थ. म्हणजे हुकूम वरून येणार आणि पावती कोणाच्या नावाने फाडायची तेही वरच ठरणार. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनाचे नियम निघाले ते याच कायद्याखाली. राणी गेली, गव्हर्नर गेले, संविधान आले. हे कलम जागचे हलले नाही.

कोरोनाच्या काळात लहान नगरपालिकांना पैसा का पुरला नाही, हा प्रश्न आम्हाला म्हणूनच २०२० पासून सुरू करता येत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि बघता बघता मुंबई रिकामी होऊ लागली. आज आपण ज्याला उपनगर म्हणतो तो साष्टीचा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. वांद्रे, कुर्ला येथे स्वतंत्र, छोट्या नगरपालिका होत्या. शहरातून बाहेर पडलेली माणसे आणि त्यांच्याबरोबर आलेला रोग दोन्ही त्यांच्या दारात. वांद्र्याच्या गल्ल्यांतले प्लेगच्या काळातले क्रूस आजही त्याची साक्ष देतात. शहरासाठी मात्र १८९८ मध्ये खास कायदा झाला, सुधारणा ट्रस्ट उभा राहिला, त्याला जमिनी आणि उत्पन्न मिळाले. ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पाडलेल्या चाळींतला कामगार कुठे गेला, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

जिथे तिजोरी पोचली नाही तिथे माणसे पोचली. कामगारांचे पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे प्लेगग्रस्तांसाठी झटत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. महिनाभरात, १० मार्चला, पुण्याजवळ सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले होते. आपण दरवर्षी त्यांना अभिवादन करतो ते योग्यच आहे. पण ज्या राज्यात एका म्हाताऱ्या बाईला पोर पाठीवर न्यावे लागले, त्या राज्याने तेव्हा पैसा कुठे ठेवला होता, हेही त्या दिवशी विचारले पाहिजे. त्यागाच्या कथेआड व्यवस्थेचा हिशेब लपतो.

दुसरा हिशेब १९१८ चा. इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहरातला मृत्युदर जातवार नोंदला गेला. ज्यांना सरकारी कागद 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतो त्यांच्यात हजारी ६१.६, इतर सवर्ण हिंदूंत १८.९, पारशांत ९, युरोपियनांत ८.३. ताप एकच, शहर एकच, नगरपालिकाही एकच. फरक होता खोलीचा, पाण्याचा, संडासाचा आणि डॉक्टर किती लांब आहे याचा. विषाणूला जात कळत नाही असे आम्हाला २०२० मध्ये फार ऐकवले गेले. विषाणूला कळत नसेल, नळाच्या जोडणीला कळते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी ज्या विषयावर प्रबंध लिहिला तो होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती; तो १९२५ मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने आला. आपल्या चळवळीत हे पुस्तक कपाटात राहिले, ही आमचीही चूक. १८७० च्या लॉर्ड मेयोच्या ठरावापासून केंद्राने प्रांतांकडे खाती कशी सोपवली, याची चिरफाड त्यात आहे. आधी ठरावीक नेमणूक, मग काही उत्पन्ने तोडून देणे, मग उत्पन्नात वाटा, असे तीन टप्पे बाबासाहेबांनी मांडले. मेयोच्या व्यवस्थेत तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते प्रांतांकडे गेले. पण त्यांवर आधी जेवढा खर्च होत होता त्याहून कमी रक्कम दिली गेली. उरलेली तूट स्थानिक कर बसवून भागवा, असे सांगितले गेले. खाते खाली आणि पैसा वर. विकेंद्रीकरण म्हणतात ते असे!

उपनगरांनी याच्यावर एक उपाय केला, किंवा त्यांच्यावर केला गेला: मोठ्या तिजोरीत सामील होणे. १९५० मध्ये वांद्रे, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर बृहन्मुंबईत आले. १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि बोरिवलीही आत आली. हद्द मात्र कुठेतरी थांबणारच. ती मुलुंडच्या नाक्यावर थांबली.

या नाक्याच्या दोन बाजू कोरोनाने दाखवल्या. अलीकडे ३३ हजार कोटींच्या वर अर्थसंकल्प असलेली, बँकांत हजारो कोटींच्या ठेवी असलेली महापालिका. तिने मुलुंड, दहिसर, गोरेगावला जम्बो केंद्रे चालवली, अंधेरीच्या मरोळमधले सेव्हन हिल्स ताब्यात ठेवले. पलीकडे अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगर परिषदा. केईएम-सायनसारखे रुग्णालय त्यांच्याकडे नव्हतेच. पण मुंबईची रुग्णालये, बस, बँका, सफाई चालवणारे कितीतरी लोक तिथून येत होते. मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने तर फर्मान काढले, की मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांनी तिकडेच राहावे. ओरड झाल्यावर ते मागे पडले. क्रूर वाटले, पण हिशेब साधा होता. श्रम मुंबईला, आजार गावाला, उपचाराचा खर्च तिथल्या पालिकेला.

आणि हा फरक नशिबाचा नाही, कायद्याने केलेला आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मुंबईची जकात गेली. त्या बदल्यात राज्याने कायदा करून महापालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढीची भरपाई बांधून दिली. नगर परिषदांची जकात १९९९ मध्येच गेली होती. त्यांच्या वाट्याला सहायक अनुदान आले. एकाला हक्क, दुसऱ्याला मर्जी. मग ४ मे २०२० ला राज्याने विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लावली, तेव्हा मर्जीवर जगणाऱ्याने काय करायचे? पंधराव्या वित्त आयोगाने २०२०-२१ साठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना ९० हजार कोटी सुचवले, त्यातले शहरांना २९,२५० कोटी. २०२१ ते २६ साठी आरोग्याचे म्हणून ७०,०५१ कोटी वेगळे काढले. ही चांगली गोष्ट, ती नाकारण्याचे कारण नाही. पण पाच वर्षांत हप्त्याने येणारा पैसा साथीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑक्सिजन विकत घेत नाही.

काही मित्र विचारतील, बाबासाहेबांनी तर गावाला संकुचितपणाचे डबके म्हटले, मग आंबेडकरवाद्यांनी स्थानिक संस्थांची वकिली का करावी? १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बाबासाहेब बोलले तेव्हा त्यांचा आग्रह होता, की अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर पंचायतीला सत्ता देऊ नका. आमचीही तीच अट. केवळ महापालिका श्रीमंत असून भागत नाही, हे जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणाने दाखवले: दहिसर, चेंबूर, माटुंगा या तीन वॉर्डांत झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला, बाहेर १६ टक्के. दहिसरचा वॉर्ड बोरिवलीला खेटून आहे. तिजोरी तीच, पण वस्तीच्या सामायिक संडासापर्यंत ती पोचली नव्हती. म्हणून पैसा लोकसंख्येवर नव्हे, दाटीवर आणि वंचिततेवर मोजून, साथ जाहीर होताच आपोआप खाली उतरला पाहिजे; आणि तो खर्च ठरवणाऱ्या टेबलावर वस्तीचा निवडून आलेला माणूस बसला पाहिजे. मार्च २०२२ मध्ये मुंबईत ते टेबल प्रशासकाच्या ताब्यात गेले, हेही विसरू नये.

एप्रिल २०२० मध्ये केंद्राने अध्यादेश काढून साथरोग कायदा दुरुस्त केला, सप्टेंबरमध्ये संसदेने तो मंजूर केला. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आली, ती हवीच होती. खर्च कोणी सोसायचा ते सरकार ठरवील, ही १८९७ ची ओळ मात्र कुणी वाचलीही नाही. ती आजही जशीच्या तशी आहे.