न दिसलेल्या शनीचा इतिहास

शनीच्या शोधाचा इतिहास बहुधा दिसत गेलेल्या गोष्टींच्या क्रमाने सांगितला जातो. आधी कडे दिसले, मग उपग्रह, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अवकाशयानांनी पाठवलेली छायाचित्रे आली. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. या इतिहासाला वळण दिले ते पुष्कळदा न दिसलेल्या गोष्टींनी. संहितेतील रिकाम्या जागा वाचण्याची सवय असलेल्या साहित्याच्या अभ्यासकाला तो म्हणूनच जवळचा वाटावा.

१६१० च्या जुलैमध्ये गॅलिलिओने शनीकडे दुर्बीण वळवली तेव्हा त्याला एकाच्या जागी तीन गोल दिसले. शोधाचा मान आपल्याकडे राहावा, पण गुपित फुटू नये, म्हणून त्याने ते विधान अक्षरे विस्कटून इतरांना कळवले. प्रागमध्ये असलेल्या केप्लरने ती अक्षरे जुळवून पाहिली, तर त्याला त्यांत मंगळाचे दोन उपग्रह सापडले! मंगळाला दोन उपग्रह असावेत हे त्याच्या मनात आधीपासूनच होते. वाचकाची अपेक्षा मजकुरावर मात करते, ती अशी. पुढे १६१२ मध्ये शनीच्या बाजूचे दोन्ही गोल नाहीसे झाले. रोमन पुराणातील शनी आपलीच मुले गिळतो. तसेच काही घडले की काय, असा प्रश्न गॅलिलिओला पडला.

हायगेन्सने १६५९ मध्ये या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. शनीभोवती पातळ, सपाट आणि त्याला कोठेही न टेकणारे कडे आहे, आणि त्याची कड आपल्यासमोर आली की ते दिसेनासे होते. गोलांचे नाहीसे होणे ही गॅलिलिओपुढची अडचण होती. हायगेन्सने तिचाच पुरावा केला. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, आणि त्या काळात असा प्रसंग साधारण दोनदा येतो. अलीकडे तो मार्च २०२५ मध्ये आला होता. संथ चालणारा म्हणून आपल्याकडे ज्याला शनैश्चर म्हटले, त्याचे कोडे पुन्हा पाहायला माणसाला पंधरा वर्षे थांबावे लागते.

कॅसिनीचे उदाहरण याहून बोलके आहे. १६७१ मध्ये त्याला सापडलेला आयपेटस हा उपग्रह शनीच्या पश्चिमेला असताना दिसे आणि पूर्वेला गेला की हरवे. यावरून कॅसिनीने असा तर्क केला की या उपग्रहाची एक बाजू काळी असावी आणि त्याने शनीकडे नेहमी एकच तोंड ठेवलेले असावे. सप्टेंबर २००७ मध्ये जवळून घेतलेल्या छायाचित्रांत एक अर्ध कोळशासारखे काळे आणि दुसरे हिमासारखे उजळ दिसले. ती छायाचित्रे घेणाऱ्या यानाचे नावही कॅसिनीच होते.

यानांच्या युगातही हीच गोष्ट पुन्हा घडली. १९७९ मध्ये पायोनियर ११ शनीजवळून गेले. त्यानंतर आलेल्या पहिल्या व्हॉयेजरपुढे निवड होती. टायटन या सर्वांत मोठ्या उपग्रहाजवळून जायचे, तर यानाची वाट ग्रहांच्या पातळीबाहेर वळणार होती आणि प्लूटोची भेट कायमची सोडावी लागणार होती. शास्त्रज्ञांनी टायटन निवडला. १२ नोव्हेंबर १९८० रोजी यान त्याच्यापासून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर अंतरावरून गेले, आणि छायाचित्रांत उमटला तो केवळ एक नारिंगी, धुरकट गोळा. पृष्ठभागाचा मागमूस नव्हता. प्लूटोचे जवळून दर्शन त्यानंतर थेट २०१५ मध्ये, दुसऱ्या यानामुळे घडले.

त्या चित्राला अपयश म्हणायचे का? इतर उपकरणांनी सांगितले की हे वातावरण मुख्यतः नायट्रोजनचे आहे, त्याचा दाब पृथ्वीवरच्या दीडपट आहे आणि तापमान उणे १८० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. अशा थंडीत मिथेन द्रवरूपात राहू शकतो. कोऱ्या चित्राने प्रश्न नेमका करून दिला. म्हणूनच १९९७ मध्ये निघून २००४ मध्ये शनीभोवती फिरू लागलेल्या कॅसिनी यानावर धुक्यापलीकडे पोचणारे रडार होते. १४ जानेवारी २००५ रोजी त्याच्यासोबतचे हायगेन्स यान टायटनवर उतरले. एक ग्राहकयंत्र सुरू करण्याची आज्ञा द्यायची राहून गेल्याने निम्मी छायाचित्रे हरवली. सुमारे साडेतीनशे मिळाली. त्यांत प्रवाहांनी कोरलेले फाटे आणि गोटोळे झालेले बर्फाचे खडे होते. २००६ मध्ये रडारने उत्तर ध्रुवाजवळ मिथेनची सरोवरे टिपली. प्रतिमांत ती काळी दिसतात, कारण गुळगुळीत पृष्ठावरून प्रतिध्वनी परत येत नाही. तेथेही सरोवर ओळखले गेले ते न परतलेल्या संकेतावरून.

जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाच्या एन्सेलाडसबाबत पहिली चाहूल कॅमेऱ्याला लागली नव्हती; ती चुंबकमापकाला लागली. नोव्हेंबर २००५ मध्ये सूर्य पलीकडे असताना छायाचित्रे घेतली, तेव्हा दक्षिण ध्रुवावरून उसळणारे बर्फकणांचे फवारे स्पष्ट दिसले. त्या बर्फाखाली खारा समुद्र आहे हे पुढे कळले; आणि या फवाऱ्यांतील कणांत फॉस्फेट असल्याचे जुन्या नोंदींवरून २०२३ मध्ये मांडले गेले, यान नष्ट होऊन सहा वर्षे झाल्यावर.

हे यान मुद्दाम नष्ट केले होते. इंधन संपल्यावर ते भरकटून एन्सेलाडस किंवा टायटनवर आदळले असते, तर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तेथे पोचण्याचा धोका होता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्या वातावरणात शिरले. त्याची शेवटची छायाचित्रे आदल्या दिवशीची आहेत. अखेरच्या प्रवासात माहिती पाठवण्याची क्षमता तोकडी होती आणि ती वातावरणातील वायूंच्या मोजमापासाठी राखायची होती. म्हणून कॅमेरे बंद ठेवले होते. लाखो छायाचित्रे पाठवणाऱ्या यानाच्या अंताचे एकही छायाचित्र त्याने काढलेले नाही. त्या अखेरच्या मिनिटांतील शनी आपल्याला आकड्यांतूनच वाचावा लागतो.