निवडीचें स्वातंत्र्य आणि विद्येची व्याप्ति

पदवीचें शिक्षण कसें असावें ह्या प्रश्नाचा खल आमच्याकडे पुन्हां सुरू झाला आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें शाखाशाखांमधील भिंती ओलांडून विषय घेण्याची मुभा विद्यार्थ्यांस देऊं केली, अभ्यास मध्येंच थांबवून पुढें चालू करण्याची सोय सुचविली आणि चार वर्षांच्या पदवीचा मार्ग खुला केला. ह्या योजनेचे स्तुतिपाठक आणि तिचे टीकाकार हे दोघेही ती जणूं आजच जन्मास आली अशा समजुतीनें बोलतात. वस्तुतः ह्याच जातीचा एक मोठा प्रयोग दीडशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील हार्वर्ड कॉलेजांत सुरू झाला. तो भरभराटीस आला, त्याचे दोष उघडे पडले आणि अखेर त्यास आवरही घालावा लागला. तो वृत्तान्त आम्हांस आज उपयोगी पडण्यासारखा आहे.

हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. पुढें दोन शतकांहून अधिक काळ तेथील शिक्षणाचा कणा म्हणजे लॅटिन, ग्रीक आणि गणित. सर्वांस बहुतेक एकच अभ्यासक्रम; आवडीनिवडीस वाव जवळजवळ नाहीं. ह्या पद्धतीचें सर्वांत समर्थ मंडन १८२८ सालीं येल कॉलेजाच्या अध्यापकांनीं केलें. मनास आधीं वळण लावावें, मग त्यांत ज्ञानाचा सांठा भरावा. आणि वळण लावण्यास प्राचीन भाषा व गणित ह्यांसारखें साधन नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. एकच ग्रंथ वाचलेले, एकाच प्रमेयाशीं झगडलेले विद्यार्थी एकमेकांशीं बोलूं शकत, हा त्या पद्धतीचा मोठा गुण होता. परंतु रसायन, भूगर्भशास्त्र, अर्थशास्त्र, अर्वाचीन इतिहास हीं शास्त्रें झपाट्यानें वाढत असतां कॉलेजांत त्यांस उंबरठ्यावरच तिष्ठत राहावें लागे.

१८६९ सालीं चार्लस् इलियट हे वयाच्या ३५ व्या वर्षीं हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि १९०९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, त्या पदावर राहिले. ते मूळचे रसायनाचे अध्यापक. युरोपांतील शिक्षणसंस्था त्यांनीं समक्ष पाहिलेल्या. वाङ्मय आणि विज्ञान ह्यांत खरें वैर नाहीं, आणि मनुष्याची नैसर्गिक ओढ ज्या विषयाकडे असेल त्यांतच तो मनापासून श्रम करील, ह्या दोन श्रद्धांवर त्यांनीं आपली ऐच्छिक विषयांची पद्धति उभारली. आवश्यक विषयांची यादी वर्षानुवर्षें आंखडत गेली. १८९७ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या इंग्रजी निबंधलेखनावांचून सक्तीचें असें कांहींच उरलें नाहीं.

ह्या क्रांतीचा सर्वांत मोठा लाभ विषयांस झाला. विद्यार्थ्यास इतिहास घेतां येऊं लागला म्हणून इतिहासाचे अध्यापक नेमावे लागले. विज्ञान घेतां येऊं लागलें म्हणून प्रयोगशाळा वाढवाव्या लागल्या. ज्या विषयांत आपण स्वतः संशोधन करितो तोच वर्गांत शिकविण्याची मोकळीक अध्यापकांस मिळाली. निवडीची कक्षा रुंदावणें म्हणजे अध्यापक, ग्रंथ आणि उपकरणें वाढविणें, हें सूत्र हार्वर्डनें प्रथमपासून पाळलें. इलियटांची यादी पोकळ नव्हती. तींतील प्रत्येक नांवामागें शिकविणारा मनुष्य उभा होता.

तथापि विरोधही तितकाच जोरदार झाला. १८८५ सालीं न्यूयॉर्क शहरांत इलियट आणि प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मकॉश ह्यांचा जाहीर वाद झाला. कोवळ्या वयाच्या मुलानें सोपे सोपे विषय वेंचून घेतले तर त्याच्या पदवीस अर्थ काय, असा मकॉश ह्यांच्या आक्षेपाचा रोख होता. त्या वेळीं तो जुन्या पिढीचा त्रागा वाटला; पुढें आंकडेच मकॉशांच्या बाजूनें साक्ष देऊं लागले. १८९८ सालीं पदवी घेणाऱ्या वर्गाची पाहणी झाली, तेव्हां अर्ध्याहून अधिक विद्यार्थ्यांनीं केवळ प्राथमिक स्वरूपाचे अभ्यासक्रम घेतल्याचें आणि सुमारें तीन-चतुर्थांशांच्या अभ्यासांत कोणताही एक मध्यवर्ती विषय नसल्याचें आढळलें. पुष्कळ दारें उघडीं होतीं. पण बहुतेक जण ओसरीवरूनच परतले होते.

इलियटांचे उत्तराधिकारी लॉरेन्स लोवेल ह्यांनीं जुनी सक्ति परत आणली नाहीं. त्यांनीं मध्यम मार्ग काढला. १९१० सालच्या नियमान्वयें पदवीच्या सोळा अभ्यासक्रमांपैकीं निदान सहा एकाच क्षेत्रांतील असावे, आणि बाकीच्यांपैकीं कांहीं आपल्या क्षेत्राबाहेरील गटांत वांटून घ्यावे, असें ठरलें. शिवाय विद्यार्थ्यास व्यक्तिशः मार्गदर्शन करणारे अध्यापक नेमण्याची प्रथा त्यांनीं पुढें वाढविली. एका ठिकाणीं खोल विहीर खणावी आणि भोंवतालच्या शेतांचीही ओळख ठेवावी, असा ह्या योजनेचा आशय आम्हांस आमच्या भाषेंत सांगतां येईल.

लोवेल ह्यांच्याच कारकीर्दींत गोमंतकांत जन्मलेला एक विद्यार्थी तेथें शिकत होता, ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. प्रख्यात गणिती जॉर्ज बर्कहॉफ ह्यांची इच्छा त्यांनीं गणितावरच लक्ष द्यावें अशी होती. कोसंबींनीं मात्र नाना विषय घेतले, सर्वांत प्रावीण्य दाखविलें आणि १९२९ सालीं सर्वोच्च सन्मानासह पदवी मिळविली. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या ह्याच विद्वानानें प्राचीन नाण्यांच्या वजनांस संख्याशास्त्र लावलें, १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, आणि १९५६ सालच्या ग्रंथानें भारतीय इतिहासाच्या अभ्यासास नवी दृष्टि दिली. त्यांच्या विस्तारास धार आली ती गणितामुळें. एका शास्त्राची शिस्त अंगीं मुरली होती, म्हणून नाणें हातीं घेतांना काय मोजावें हें त्यांस कळलें.

आमच्या सुधारकांनीं ह्या इतिहासांतून इलियटांचें स्वातंत्र्य तेवढें उचललें आणि त्यामागचा खर्च व लोवेल ह्यांचा आवर मागें ठेवला, तर फळ काय येईल हें सांगण्यास ज्योतिषी नको. ज्या गांवच्या कॉलेजांत अध्यापकांच्या जागाच रिकाम्या आहेत, तेथें विषयांची लांबलचक यादी छापून काय उपयोग? तेथें विद्यार्थी विषय निवडीत नाहीं. वेळापत्रक त्याच्यासाठीं विषय निवडतें. संपन्न घरच्या मुलास सल्ला देणारे घरींच असतात. ज्याच्या कुळांत कॉलेजाची पायरी पहिल्यानें चढली जात आहे, त्यास अध्यापकावांचून सल्लागार कोण? त्याच्या हातीं नुसती यादी देऊन त्यास स्वतंत्र म्हणणें म्हणजे पोहणें न शिकवितां नदी दाखविणें होय. स्वातंत्र्य द्यावेंच, परंतु त्याच्या शेजारीं शिकविणारा गुरु, उघडें ग्रंथालय आणि खोल जाण्यास एक तरी विषय, एवढी शिदोरी ठेवणें हें देणाराचें कर्तव्य आहे.