संगणकाच्या देखभालीकडून प्रसाराकडे : 'सीएमसी'ची वाटचाल (१९७५-२०१५)

स्वातंत्र्योत्तर भारतातील संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रनिर्मितीच्या अंगाने लिहिला जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकचा 'परम' ही त्यातील ठळक स्थळे होत. बसविलेले यंत्र बंद पडल्यास ते चालू कोणी करावयाचे, हा प्रश्न या लेखनात क्वचितच आढळतो. वस्तुतः कार्यालये व बाजार यांच्यापर्यंत संगणक पोहोचण्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे. 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' या सरकारी कंपनीची वाटचाल याची साक्ष देते.

१९६० च्या दशकात भारतीय संगणक बाजारपेठेवर आयबीएमचे वर्चस्व होते. परदेशात वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे मुंबईतील कारखान्यात दुरुस्त करून येथील ग्राहकांना भाड्याने दिली जात. यंत्र कंपनीचे आणि दुरुस्तीही कंपनीचीच. ग्राहकाच्या हाती भाडे भरण्यापलीकडे फारसे काही नसे. १९७१ मध्ये एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. त्यानंतर हे परावलंबन कमी करण्याच्या प्रयत्नांना वेग आला आणि डिसेंबर १९७५ मध्ये उपरोक्त कंपनीची नोंदणी झाली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची अट आयबीएमला मान्य नव्हती. १९७८ मध्ये ती कंपनी भारतातून बाहेर पडली आणि तिच्या यंत्रांची देखभाल या नवख्या सरकारी कंपनीकडे आली.

या घटनेचे वर्णन सामान्यतः राष्ट्रीय स्वाभिमानाच्या भाषेत केले जाते. तिचा व्यावहारिक परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. विक्रेता केवळ आपल्याच बनावटीचे यंत्र जाणतो. येथील अभियंत्यांना मात्र अनेक बनावटींची यंत्रे आणि तितक्याच भिन्न कार्यालयांच्या गरजा हाताळाव्या लागल्या. दुरुस्ती करणाऱ्या कंपनीला संपूर्ण प्रणाली उभारण्याचे सामर्थ्य आले ते या अनुभवातून. १९८४ मध्ये तिने 'सीएमसी लिमिटेड' हे नाव धारण केले, त्यातून 'देखभाल' हा शब्द गळाला.

अडचण केवळ तांत्रिक नव्हती. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाला १९६० च्या दशकात कोलकात्यातील कर्मचाऱ्यांनी तीव्र विरोध केला होता. स्वयंचलनाच्या प्रश्नावर शासनाला १९६९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. नोकरी जाण्याची ही भीती अज्ञानमूलक म्हणून झटकून टाकणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. या पार्श्वभूमीवर १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रेल्वे आरक्षण प्रणालीकडे पाहिले पाहिजे. पूर्वी ठरावीक गाडीसाठी ठरावीक खिडकी असे व नोंदी वहीत होत. सीएमसीच्या प्रणालीत खिडकी राहिली, कारकूनही राहिला; त्याच्यापुढची वही गेली आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे आरक्षण मिळू लागले. रांगेत ताटकळणाऱ्या प्रवाशाला संगणकाचा लाभ समजावून सांगण्यास यानंतर व्याख्यानाची गरज उरली नाही.

स्वतःचा मोठा संगणक विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, अशा उद्योगांसाठी १९८६ मध्ये 'इंडोनेट' हे संगणकजाळे सुरू करण्यात आले. मुंबई शेअर बाजाराचे संगणकीकरण हा याहून कसोटीचा प्रसंग होता. हातवारे व आरोळ्यांनी चालणाऱ्या रिंगणातील दलाल पडद्याकडे सहजासहजी वळणारे नव्हते. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरील व्यवहार सुरू केले. त्या स्पर्धेपुढे मार्च १९९५ मध्ये सीएमसीने घडविलेली 'बोल्ट' प्रणाली मुंबई बाजाराने स्वीकारली. तंत्रज्ञान तयार असणे आणि ते स्वीकारण्याची निकड भासणे यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

दरम्यान १९९२ मध्ये आयबीएम टाटा समूहाच्या भागीदारीत भारतात परतली होती. २००१ मध्ये शासनाने सीएमसीतील ५१ टक्के हिस्सा विकला, तोही टाटा समूहालाच. २०१५ मध्ये सीएमसी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली.