नीरा-कांठचें पाणी आणि कांचेची नळी



अभियांत्रिकी महाविद्यालयांत मार्गदर्शनाचा मेळावा भरतो. कोणी विद्यार्थी पंप चालवून दाखवितो, कोणी चुंबक, कोणी बारीक कांचेची नळी. आणि पुढें काय शिकावें हें विचारीत शाळेंतील मुलें त्यांच्याभोंवतीं जमतात. बारामती व इंदापूर या तालुक्यांचा इतिहास पाहिला, म्हणजे त्या कांचेच्या नळीचें मोल विशेष ध्यानांत येतें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

भीमा आणि नीरा यांच्यामधील हा मुलूख अवर्षणाचा. इ. स. 1876-77 च्या दुष्काळांत येथील रयतेची अन्नान्नदशा झाली आणि नीरेचें पाणी या कोरड्या पट्ट्यांत आणण्याच्या योजनेस जोर आला. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला. पुढें 1928 मध्यें भाटघर येथें मोठें लॉइड धरण पुरें झालें. जेथें बाजरीची शाश्वति नव्हती तेथें ऊंस डोलूं लागला.

ही करामत करणारी विद्या पुण्याची. बांधकाम खात्यास माणसें हवींत म्हणून 1854 मध्यें तेथें जो वर्ग निघाला, त्याचेंच पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय झालें. याच संस्थेंतून 1883 मध्यें उत्तीर्ण झालेले विश्वेश्वरय्या यांनीं नीरेच्या कालव्यावर गटपद्धति सुरू केली. गटाच्या कांहीं भागांतच ऊंस लावावा, बाकींत इतर पिकें घ्यावीं आणि पाणी पाळीनें मोजून द्यावें, असा तिचा आशय.

परंतु पाणी मिळालें म्हणजे तें भरपूर द्यावें, असेंच कोणाहि शेतकऱ्यास वाटणार. कालव्याचा पाझर आणि शेतांतील जादा पाणी जमिनीखालीं सांचत गेलें. खोल काळी चिबड झाली, मग चोपण. वर पांढरें मीठ फुलूं लागलें. डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींचा अभ्यास 1910 मध्यें प्रसिद्ध केला. 1916 मध्यें मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासाकरितां एक खास विभाग काढला. खडकवासल्याची जलसंशोधन संस्था ती त्याचाच विस्तार.

आतां ती नळी पाहा. एक मिलीमीटर व्यासाची नळी पाण्यांत उभी धरली तर पाणी तींत सुमारें तीन सेंटीमीटर चढतें. व्यास दहावा हिस्सा केला तर सुमारें तीस. हेंच केशाकर्षण. काळ्या मातीचे कण अति सूक्ष्म, म्हणून त्यांमधील वाटाहि सूक्ष्म. खालचें पाणी वर आलें, म्हणजे तें या वाटांनीं पृष्ठभाग गांठतें; ऊन पाणी उडवून नेतें आणि मीठ मागें ठेवतें. उपायहि त्यांतूनच सुचतो: खोल चर खणून खालचें पाणी उतरवावें, आणि वरचें मोजून द्यावें.

पाणी आणण्याची विद्या आधीं आली. जमिनींत शिरलेलें पाणी काय करतें याचा अभ्यास पंचवीस वर्षांनीं प्रसिद्ध झाला. मधल्या काळाची किंमत शेतकऱ्यानें आपल्या जमिनीनें भरली. कालवा खणणाऱ्यांत या भागाचे हात होते, पण नकाशा वाचणारे डोळे बहुधा बाहेरचे.

ती उणीव हळूहळू भरून निघाली. बारामतीस 1962 मध्यें तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालें, 1972 मध्यें विद्या प्रतिष्ठान स्थापन झालें आणि 2000 मध्यें त्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय. इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरास साखरेच्या यंत्रांपासून अग्निबाणांच्या भागांपर्यंत कामें झालीं आहेत. तेव्हां नोकरीच्या वाटा मुलांना दिसतात, आणि त्या दिसाव्यातच.

परंतु मेळाव्यांत नळी दाखविणाऱ्या विद्यार्थ्यानें जवळच्या चोपण शेताचें नांवहि घ्यावें. पाहणाऱ्यांत त्याच शेताच्या धन्याचा मुलगा असेल, तर पदार्थविज्ञान हें परीक्षेपुरतें नसून आपल्या बांधावरचें आहे, हें त्याला कोणी निराळें सांगावें लागणार नाहीं.