पोलिसांची निष्क्रियता आणि कौटुंबिक हिंसाचार : मुंबईच्या संदर्भात उत्तरदायित्वाचा इतिहास (१९८३-२०२४)

घरात मार खाणारी स्त्री पोलीस ठाण्याची पायरी चढली आणि पोलिसांनी काहीच केले नाही, तर त्या 'न करण्या'बद्दल कायदा कोणाला जबाबदार धरतो? स्त्रीविषयक कायद्यांच्या चर्चेत हा प्रश्न सहसा बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात मुंबई व परिसराच्या अनुषंगाने त्याचा मागोवा घेतला आहे.

मथुरा प्रकरणातील निकालानंतर १९८० मध्ये मुंबईतील स्त्रिया संघटित झाल्या. तेथे आरोपी स्वतः पोलीस होते. म्हणजे प्रश्न पोलिसांच्या कृत्याचा होता, निष्क्रियतेचा नव्हे. निष्क्रियतेला तर कायद्याचाच आधार होता. साधी मारहाण भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ खाली येई व ती अदखलपात्र असे. 'एन.सी.' नोंदवून लालबाग-परळच्या चाळीतील बाईला घरी पाठवणारा अंमलदार नियमानेच वागत होता. २५ डिसेंबर १९८३ पासून कलम ४९८-अ लागू झाले, पतीची व सासरची क्रूरता दखलपात्र ठरली. आता हात झटकणे हा कर्तव्यभंग झाला. मात्र त्याला किंमत काहीच नव्हती.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने क्रॉफर्ड मार्केटसमोरील पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे दादरलाही तो निघाला. पोलिसांच्या छपराखाली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवण्याची ही कल्पना निःसंशय मोलाची होती. परंतु ठाणे अंमलदार पीडितेचे ऐकून घेईलच, याचा भरवसा व्यवस्थेलाही नव्हता, याची ती कबुलीही होती असे मला वाटते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमाचे वाचन या दृष्टीने उद्बोधक आहे. कलम ५ नुसार पीडितेला तिचे हक्क सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कर्तव्यात कसूर केल्यास एक वर्षापर्यंत कैद वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड (कलम ३३) मात्र फक्त संरक्षण अधिकाऱ्याला! २०१३ मध्ये कलम १६६-अ ने गुन्हा न नोंदवणाऱ्या पोलिसाला शिक्षा ठेवली. त्या यादीत बलात्कार, ॲसिडहल्ला, विनयभंग आहेत, ४९८-अ नाही. त्याच वर्षी ललिता कुमारी निकालाने गुन्हा नोंदवणे सक्तीचे केले, पण वैवाहिक वादांत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने तर अनावश्यक अटक करणाऱ्या अधिकाऱ्यास अवमानाची तंबी दिली. अटक केल्यास जाब, न केल्यास नाही, अशी ही विषम मांडणी होय.

अन्यत्रही हे उत्तर एकसारखे नाही. अमेरिकेत टॉरिंग्टन शहराविरुद्ध १९८५ मध्ये ज्यूरीने पीडितेला २३ लाख डॉलर देऊ केले. तेथीलच सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कॅसल रॉक खटल्यात संरक्षण आदेशाची अंमलबजावणी हा हक्क मानला नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये ओपुझ खटल्यात तुर्कस्तानला दोषी धरले.

नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने नालासोपाऱ्याच्या तुळींज ठाण्यात लेखी तक्रार दिली : जोडीदार गळा दाबतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो. महिनाभरात तिने तक्रार नसल्याचे लिहून दिले व प्रकरण मिटले. वास्तविक ठार मारण्याचा प्रयत्न हा दखलपात्र गुन्हा. तो तक्रारदाराच्या माघारीने संपत नाही. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. तो उघडकीस आल्यावर गृहमंत्र्यांनी पोलिसांच्या या हाताळणीची चौकशी जाहीर केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १६६-अ ची जागा कलम १९९ ने घेतली. क्रूरतेचे कलम ८५ त्याही यादीत नाही.