नीळ आणि निळा

पांढऱ्या सदऱ्याला नीळ देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पण पुडीतून मिळत आलेली ती नीळ बहुधा खरी नीळ नव्हेच! चिकणमाती, गंधक आणि सोडा भट्टीत भाजून केलेली ती पूड. निळीच्या झाडाशी तिचे नाते नावापुरतेच.

'निळा' शब्दाचे मूळ शोधायला दूर जावे लागत नाही. संस्कृत 'नील'मधला ल मराठीत ळ झाला, जसा 'काल'चा 'काळ'. मात्र नील म्हणजे आकाशाचा रंग एवढेच धरून जुने काव्य वाचू गेलो, तर पदोपदी अडखळू. तिथे केसही नील असतात आणि मेघही. गडद, काळसर छटा हा त्यातला मुख्य अर्थ. मार बसला की अंग 'काळेनिळे' होते, असे आपण म्हणतो. तो जुना शेजार तिथे अजून नांदतो आहे.

रंगाच्या वड्यांबरोबर शब्दही पश्चिमेस गेला. अरबांनी त्याला 'अन्-नील' म्हटले, पोर्तुगीजांनी 'अनिल'. ग्रीकांनी मात्र मालाला देशाचेच नाव दिले, 'इंडिकॉन', म्हणजे भारतातले. इंग्रजी 'इंडिगो' त्याचाच वंशज. १८४०च्या सुमारास फ्रिट्शे या रसायनज्ञाने निळीपासून एक तेलकट द्रव काढला आणि 'अनिल'वरून त्याचे नाव 'अनिलिन' ठेवले. ज्या विद्येला आपण हा शब्द पुरवला, तिनेच १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आणून झाडाचा धंदा बुडवला.

या रंगापायी रयतेने काय सोसले, ते शब्दकोशात सापडत नाही. १८५९ मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायचे नाकारले. दीनबंधू मित्रांच्या 'नीलदर्पण' नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री लाँग यांना १८६१ मध्ये एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. चंपारण्यात बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तिनांत नीळ पेरण्याची सक्ती होती. तिचे नावच 'तीनकठिया'. जर्मन निळीने भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांनी या सक्तीतून मोकळे करण्याबद्दल कुळांकडेच वाढीव खंड मागितला! १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले, कुळांच्या जबान्या लिहून घेतल्या, आणि १९१८च्या कायद्याने तीनकठिया उठली.